सिडनीचा समुद्र आणि आपले पाहुणे

ऑक्टोबर उजाडला की ऑस्ट्रेलियाच्या पर्यटक व्हिसासाठी कागदपत्रे जुळवणारी ज्येष्ठ दांपत्ये देशातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात दिसू लागतात. मुलगा किंवा मुलगी सिडनीत स्थायिक झालेली असते, घरात नातवंड आलेले असते, आणि आपल्याकडे थंडी पडू लागते तेव्हा तिकडे उन्हाळा सुरू होतो. अर्जात बँकेतील शिल्लक विचारली जाते, प्रकृती विचारली जाते, परत येण्याचा इरादा तपासला जातो. पोहता येते का, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि पोहोचल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी घरातली मंडळी पाहुण्यांना कौतुकाने जिथे घेऊन जातात, ती जागा असते समुद्रकिनारा.

सिडनीला प्रथमच जाणाऱ्यांना सल्ल्यांची उणीव नसते. ऑपेरा हाऊस कोणत्या बाजूने पाहावे, खरेदी कोठे करावी, हे सारे नातेवाईक हौसेने सांगतात. त्यातले काही सल्ले खरोखर उपयोगाचे असतात. बस, रेल्वे आणि फेरीबोट या तिन्हींसाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही. ओपल कार्ड किंवा स्पर्शविरहित बँक कार्ड चढताना आणि उतरताना यंत्राला लावले की पुरते. मात्र प्रत्येक प्रवाशाचे कार्ड वेगळे हवे आणि दोन्ही वेळा तेच हवे. शुक्रवार ते रविवार दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा एरवीपेक्षा कमी असते, म्हणून लांबच्या सहली त्या दिवसांत कराव्यात.

विमानतळावरील घोषणापत्राबाबत मात्र मी अधिक आग्रही आहे. लोणचे, मसाले, मिठाई, बिया, कढीलिंब यांपैकी काहीही सामानात असेल तर ते खरेपणाने लिहावे. लिहिले तर फार तर ती वस्तू काढून घेतली जाते. लपवले तर जागेवर दंड होतो, प्रसंगी व्हिसाही रद्द होऊ शकतो. आपल्याकडे सरकारी नमुन्यात ‘नाही’ लिहिणे सुरक्षित, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. चार दशके असे नमुने तयार करण्यात घालवलेल्या माणसाला तिचे मूळ ठाऊक आहे. तिथे ती समजूत महागात पडते.

आरोग्य विमाही तितकाच आवश्यक. भारतीय पाहुण्यांना तेथील सरकारी आरोग्य योजना लागू होत नाही आणि न्यू साउथ वेल्समध्ये रुग्णवाहिकेचेही पैसे मोजावे लागतात. आपला वर्ण सावळा म्हणून ऊन बाधणार नाही, हा भ्रमही येथेच ठेवून जावा. त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत ऑस्ट्रेलियाची गणना होते.

आता समुद्राकडे वळू. सर्क्युलर की येथून मॅनलीची फेरी घेतली की अर्ध्या तासात बंदराच्या आतल्या, संथ पाण्याच्या काठावर उतरता येते. तिथून दुकानांच्या रस्त्याने पाच-दहा मिनिटे चालले की दुसरा किनारा लागतो, आणि त्याच्यापुढे खुला प्रशांत महासागर असतो. दोन्हीकडे वाळू तीच, आकाश तेच. पाण्याचा स्वभाव मात्र पूर्णपणे वेगळा. नवख्याला हा भेद डोळ्यांनी कळत नाही. किंबहुना त्याचे डोळे त्याला फसवतात. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते आणि वाळूतील खोलगट चरातून वेगाने आत ओढले जाते. या चरावर लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसते. फेसाळत्या लाटांना बिचकणारा पाहुणा साहजिकच ही ‘शांत’ जागा निवडतो. बाँडायच्या दक्षिण टोकाला असा एक प्रवाह नेहमीचाच आहे, आणि पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या नवख्या पर्यटकांवरूनच त्याला तेथे नाव पडले आहे.

म्हणून एकच नियम पाठ करावा: लाल-पिवळ्या ध्वजांच्या मध्येच पाण्यात उतरावे. ध्वज ही शोभा नाही. जीवरक्षक पाणी पाहून ते रोवतात आणि पाणी बदलले की हलवतात. ध्वज नसतील तर पाण्यात पाऊलही टाकू नये. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, त्यात दम संपतो. तरंगत राहावे, हात वर करावा, शक्य असल्यास किनाऱ्याला समांतर सरकावे. दुसरा कोणी सापडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. तरंगणारी एखादी वस्तू फेकावी, जीवरक्षकाला हाक मारावी, तो नसेल तर शून्य-शून्य-शून्य हा क्रमांक फिरवावा. ही शेवटची सूचना भारतीय मनाला सर्वांत कठीण जाते. आपल्या माणसासाठी धावणे हा आपला संस्कार आहे, आणि एका दुर्घटनेत एकाच घरातले अनेकजण जातात ते बहुधा त्यापायीच. जानेवारी २०२४ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील फिलिप बेटावर, जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर, भारतीय वंशाच्या एकाच कुटुंबातील चौघे बुडाले.

पोहता येणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. त्या देशाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट पट्टीचे पोहणारे होते. १७ डिसेंबर १९६७ रोजी ते व्हिक्टोरियातील शेव्हियट किनाऱ्यावर पाण्यात उतरले, ते पुन्हा कोणालाच दिसले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ मेलबर्नमधील एका जलतरण तलावाला त्यांचे नाव देण्यात आले. विनोद म्हणावा की निर्धार, हे ज्याने त्याने ठरवावे.

ज्यांना पाण्याचा आनंद हवा पण धास्ती नको, त्यांच्यासाठी सिडनीने एक उत्तम सोय केली आहे. किनाऱ्याच्या खडकांत बांधलेले सागरी तलाव या शहरात जागोजागी आहेत. समुद्राचेच पाणी, पण भिंतीच्या आत. ब्राँटीचा तलाव विनाशुल्क आहे. कूजी येथील मॅकायव्हर तलाव केवळ स्त्रिया आणि लहान मुलांसाठी राखीव असून तिथे नाममात्र शुल्क पडते. आपल्याकडच्या कितीतरी स्त्रियांनी आयुष्यात एकदाही मोकळेपणाने समुद्रस्नान केलेले नसते. ऑपेरा हाऊसइतकेच हे स्थळही त्यांच्या यादीत असावे, असे मला वाटते.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की ऑस्ट्रेलियन लोक जन्मजात पोहणारे, आपली त्यांच्याशी तुलना कशाला? इतिहास तसे सांगत नाही. १८३० च्या दशकापासून त्या वसाहतीत दिवसाउजेडी समुद्रस्नान करण्यास कायद्याने बंदी होती. कारण सुरक्षिततेचे नव्हते, सभ्यतेचे होते. १९०२ मध्ये मॅनलीच्या विल्यम गोचर नावाच्या पत्रकाराने जाहीर घोषणा करून भर दिवसा समुद्रात उतरून हा निर्बंध मोडला आणि पुढच्या वर्षी स्थानिक नगरपालिकेने तो सैल केला. लोक लोटले आणि बुडू लागले. प्रशासनाकडे तेव्हा दोन मार्ग होते: पुन्हा बंदी घालणे, किंवा समुद्राशी वागण्याची रीत समाजाला शिकवणे. १९०७ पासून बाँडाय आणि अन्यत्र जीवरक्षक मंडळे आकाराला आली ती दुसरा मार्ग पत्करून. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी बाँडायवर एकामागून एक आलेल्या प्रचंड लाटांनी शेकडो लोकांना आत ओढले. पाच जण दगावले, सुमारे अडीचशे वाचवले गेले. त्या दिवशी किनाऱ्यावर जीवरक्षकांचा मोठा ताफा हजर होता म्हणून मृतांचा आकडा तेवढ्यावर थांबला.

आपण मात्र अद्याप बंदीपाशीच अडकलो आहोत. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर समुद्रात उतरण्यास मनाई आहे आणि तरीही लोक उतरतात. पावसाळ्यात किनारी जिल्ह्यांतून मनाईचे आदेश निघतात. अशा आदेशांवर मीही सह्या केल्या आहेत. आदेश काढला की फाइल बंद होते आणि पुढे कोणी बुडाल्यास दोष आदेश मोडणाऱ्याच्या माथी जातो, ही त्यातली सोय मी नाकारणार नाही. अपवाद नाहीत असे नाही. पुरीला नोलिया कोळी यात्रेकरूंचा हात धरून त्यांना लाटांत नेतात आणि परत आणतात. गोव्यात २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक आहेत आणि तिथेही तेच लाल-पिवळे ध्वज लावले जातात. त्या ध्वजांचा अर्थ मडगावच्या गाडीतून उतरणाऱ्या पर्यटकाला मात्र कोणी समजावलेला नसतो. नव्या मोजणीनुसार आपला सागरकिनारा ११,०९८ किलोमीटरचा आहे. पोहणे हा आपल्या बहुसंख्य शाळांत विषयच नाही.

शाळांचे चित्र पालटायला एक पिढी जाईल. पाहुण्यांसाठी मात्र उद्याही काही करता येईल. तेथील जीवरक्षक संघटनेचे ‘बीचसेफ’ हे संकेतस्थळ कोणत्या किनाऱ्यावर आज पहारा आहे ते सांगते. ही माहिती आणि ध्वजांचे एक चित्र हिंदी, पंजाबी, तमिळ, तेलुगू, गुजराती, मराठी अशा भाषांत एका पानावर छापून व्हिसाच्या मंजुरीसोबत पाठवायला दोन्ही सरकारांना कोणत्या कराराची गरज आहे? आपले परराष्ट्र मंत्रालय नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या कामगारांकरिता प्रस्थानपूर्व मार्गदर्शन करते. मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी एवढे एक पान त्याच व्यवस्थेत बसू शकते.

त्या किनाऱ्याशी आपले नाते तसे फार जुने आहे. १७९६ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याहून ‘सिडनी कोव्ह’ नावाचे मालवाहू जहाज निघाले. पुढच्या फेब्रुवारीत ते टास्मानियाच्या उत्तरेकडील एका बेटाजवळ रुतले. मदत आणण्यासाठी सतराजण छोट्या होडीतून निघाले, त्यांत बाराजण हिंदी खलाशी, लष्कर, होते. होडीही फुटली, आणि मग ते किनाऱ्या-किनाऱ्याने सिडनीच्या दिशेने शेकडो किलोमीटर चालत राहिले. मे १७९७ मध्ये सिडनीच्या दक्षिणेस एका मासेमारी नौकेने त्यांना पाहिले तेव्हा तिघेच उरले होते. त्या तिघांत एक लष्कर होता.