‘छान!’च्या पुढे

यंदा फाल्गुनात एका सहकाऱ्यांनी सातपुड्यात टिपलेले पळसफुलांचे छायाचित्र आम्हांस दाखविले. भर दुपारच्या उन्हात पाकळ्यांची मखमल हरवली होती. मागे फांद्यांची गर्दी होती. हे दिसूनही आम्ही ‘छान!’ म्हणून मोकळे झालो. बहर ओसरला, पुन्हा टिपण्याची त्यांची संधी आमच्या सौजन्याने घालविली.

चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) टेबलावर साध्या वस्तू मांडून निसर्गदृश्ये उभी करीत. प्रकाश व मांडणी ही छायाचित्रकाराची निवड असते, आणि निवडीविषयी बोलता येते. ‘फांदीचा डौल नेमका साधलात, आता सकाळच्या तिरप्या उन्हात, दोन पावले सरकून, मागे मोकळे आकाश घेऊन पाहा’ एवढेच म्हणायचे होते. कवितेच्या तासाला ‘सुंदर का, ते सांगा’ असे विद्यार्थ्यांना बजावणाऱ्या आम्हांस ते का जड जावे?