मुक्काम किती, हे आजाराने ठरवावे

परदेशी रुग्णाने भारतात किती दिवस राहावे, हे वरकरणी व्हिसा अधिकारी ठरवतो. प्रत्यक्षात त्याच्या निर्णयाचा आधार असते डॉक्टरची चिठ्ठी. वैद्यकीय व्हिसा जास्तीत जास्त एक वर्षाचा किंवा उपचारांच्या काळापुरता, यांपैकी जो कमी असेल तेवढा मिळतो. सोबत दोन जणांना येता येते. जुलै २०२३ पासून आयुर्वेद, योग आदी उपचारांसाठी आयुष व्हिसा हा वेगळा प्रकारही सुरू झाला आहे.

वर्धा जिल्ह्याला हा विषय परका नाही. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीला वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, सालोडला आयुर्वेद महाविद्यालय आहे. आजाऱ्याला ठेवून घेण्याची रीतही इथली जुनीच. कुष्ठरोगाने ग्रासलेले परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात झोपडी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केले. त्या मुक्कामाला आजारपणाखेरीज दुसरे कारण लागले नाही.

आता मात्र कारण कागदावर दाखवावे लागते आणि गोची तिथेच आहे. ई-वैद्यकीय व्हिसावर मुक्काम ६० दिवसांचा. कर्करोगावरील केमोथेरपीची सहा आवर्तने दर २१ दिवसांनी द्यायची, तर पहिल्या दिवसापासून शेवटच्या मात्रेपर्यंतच १०५ दिवस लागतात. त्यात शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन असले तर काळ आणखी वाढतो. उलट पंचकर्माचा एक क्रम साधारणपणे काही आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे केमोच्या रुग्णाला चार महिने मागावे लागतात ते गरजेपोटी. पण पंचकर्मासाठी कोणी सहा महिने मागितले, तर त्यामागचे वैद्यकीय कारण विचारलेच पाहिजे.

थायलंडने २०२४ मध्ये आणलेल्या पाच वर्षांच्या व्हिसात वैद्यकीय उपचार हेही एक पात्रतेचे कारण आहे आणि एका प्रवेशावर १८० दिवस राहता येते. असा व्हिसा पर्यटनाला पोषक असेल. परंतु राहायचे आधी ठरवून आजार नंतर शोधला जाऊ लागला, तर डॉक्टरची सही म्हणजे भाडेचिठ्ठी होते. याचा फटका शेवटी खऱ्या रुग्णाला बसतो, कारण संशय वाढला की प्रत्येकाची मुदतवाढ अडकते.

म्हणून रुग्णालयांनी चिठ्ठी मोघम देऊ नये. निदान काय, उपचारांचे टप्पे कोणते, प्रत्येकाला किती दिवस, आणि पुढची तपासणी रुग्णाच्या देशात होऊ शकते का, हे तिच्यात स्पष्ट असावे. मुदतवाढीच्या वेळी उपचार न करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. परदेशी रुग्णाची माहिती रुग्णालयाने नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. तिथल्या कर्मचाऱ्याला केमोची आवर्तने ठाऊक असण्याची अपेक्षा नाही. पण नीट लिहिलेली चिठ्ठी त्याला वाचता येते.

आजार लांबला तर मुदत विनासायास वाढावी आणि रुग्ण बरा झाला की त्याला निरोप द्यावा. दोन्ही बाबतीत पहिला शब्द डॉक्टरचा असतो, म्हणून तो खरा असला पाहिजे.