धोटा धावतो, माणूस मात्र बांधलेलाच

अथेन्सच्या लोकशाहीचे गोडवे गाताना आमचे पंडित एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. त्या नगरीचे वैभव लॉरियमच्या चांदीच्या खाणींत राबणाऱ्या गुलामांच्या पाठीवर उभे होते. पायरियस बंदरातला पुष्कळसा व्यापार ज्यांच्या हाती होता, त्या ‘मेटिक’ परदेशीयांना कर होता, मत नव्हते. ॲरिस्टॉटलने गुलामगिरीचे समर्थन केले; पण ते करता करता तो एक कबुली देऊन गेला : धोटा आपण होऊन विणू लागला, तर धन्याला गुलामाची गरज उरणार नाही.

भिवंडीत धोटा विजेवर धावू लागला, त्याला पिढ्या लोटल्या. मग गुलामी सुटली काय? यंत्रमाग कामगार बारा-बारा तास मागांपुढे उभा असतो. मजुरी विणलेल्या कापडावर. वीज गेली की चूलही विझली. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला हा श्रमिक म्हणजे स्वदेशातच झालेला मेटिक! छोटा मागवालाही स्वतंत्र नाही : सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, विजेचे बिल तेवढे त्याचे. 1948 च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 कामगार असले की कारखाना मानला. म्हणून एका छपराखालचे माग अनेक नावांवर वाटले गेले. 2020 च्या संहितेने ती मर्यादा 20 वर नेली. पळवाटेचा राजमार्ग झाला!

‘बाजाराचा हा सनातन नियमच आहे’ असे म्हणणाऱ्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख वाचावा. ग्रीक व्यापाऱ्यांना भिवंडीशेजारचे कल्याण बंदर ठाऊक होते, त्या युगातला तो आहे. नहपानाचा जावई ऋषभदत्त याने 3000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 शेकडा पाऊण व्याजाने. राजकुळाने विणकरांच्या संघटनेला पेढी मानले! ते सत्ययुग नव्हते. वर्णभेद आणि दास्य तेव्हाही होतेच. परंतु विणकर संघटित होता, म्हणून त्याची पत होती.

आज सावकाराच्या दारात उभा आहे तो एकटा विणकर. सूतखरेदी आणि कापडविक्री मागवाल्यांच्या सहकारी संस्थांच्या हाती आली पाहिजे. कामगाराला हजेरीपट, ओळखपत्र आणि आठ तासांचा दिवस मिळाला पाहिजे. ॲरिस्टॉटलची अट यंत्राने केव्हाच पुरी केली. उरलेले काम यंत्राचे नाही. ते संघटनेचे आहे.