चमचे सहा, काटे सहा आणि आईची सुट्टी

शनिवारची दुपार, चारला पाच मिनिटे कमी. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या एखाद्या 'हॉलिडे पार्क'च्या फाटकाशी गाड्यांची रांग लागलेली असते. किल्ल्या चारनंतरच मिळतात, हे सर्वांना ठाऊक असते, तरी सगळे तीन वाजल्यापासून येऊन थांबलेले असतात. मागच्या सीटवर पाच वर्षांचा मुलगा "पोहायला कधी जायचं?" हे शंभरदा विचारून थकलेला असतो. त्याची दीड वर्षाची बहीण साडेतीन तास जागी राहून आत्ता कुठे झोपलेली असते. अखेर खिडकीतून एक पाकीट हाती पडते. त्यात किल्ली, पार्कचा नकाशा, मनगटावर बांधायच्या रंगीत पट्ट्या आणि एक छापील कागद. काटे सहा, चमचे सहा, सुऱ्या सहा, पातेली तीन, गाळणे एक. हे सगळे आहे की नाही ते तपासून सही करून द्यायची. जे कमी भरेल ते जाताना अनामत रकमेतून कापले जाईल.

बाबा मुलाला घेऊन पोहण्याचा तलाव बघायला जातात. आई झोपलेल्या मुलीला पलंगावर टाकते आणि कागद घेऊन चमचे मोजायला बसते. सुट्टी सुरू झालेली असते.

हॉलिडे पार्क म्हणजे हॉटेल नव्हे. जंगलात किंवा समुद्राजवळ मोठी जागा घेऊन तिथे शेकडो छोटी घरे उभारलेली असतात. कुठे लाकडी, कुठे पक्की, तर कुठे चाकांवर आणून ठेवलेली पत्र्याची. प्रत्येक घरात दोन-तीन खोल्या, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर. मधोमध तलाव, घसरगुंड्या, किराणा दुकान, मुलांचा क्लब. सकाळच्या पावाची मागणी आदल्या संध्याकाळी दुकानात नोंदवून ठेवायची. लहान मुले असलेल्या कुटुंबांना ही व्यवस्था सोयीची वाटते ती दोन कारणांनी. रात्री आठ वाजता झोपणाऱ्या बाळापायी हॉटेलच्या एकाच खोलीत अंधार करून बसावे लागत नाही, आणि भूक लागेल तेव्हा घरचे चार घास करून घालता येतात. हे दुसरे कारण मात्र दुधारी आहे.

या पार्कांच्या सध्याच्या रूपाची सुरुवात फ्रान्समध्ये नव्हे, हॉलंडमध्ये झाली. पीट डर्कसेन या खेळाच्या सामानाच्या दुकानदाराने १९६८ मध्ये लिंबर्ग प्रांतातल्या जंगलात छोटे बंगले बांधले. आराखडा याप बाकेमा या नामांकित वास्तुतज्ज्ञाचा. शहरातल्या कुटुंबाने चार दिवस झाडांत येऊन राहावे, इतकीच मूळ कल्पना. पण हॉलंडचा पाऊस काही सुट्टी घेत नाही. म्हणून १९८० मध्ये डर्कसेनच्या कंपनीने एमहोफ येथे काचेच्या छपराखाली ताडामाडाची झाडे लावून गरम पाण्याचा तलाव बांधला. बाहेर थंडी असो की पाऊस, आत कायम उन्हाळा! हीच कंपनी पुढे 'सेंटर पार्क्स' म्हणून ओळखली गेली. तिने १९८८ मध्ये नॉर्मंडीत फ्रान्समधला पहिला पार्क उघडला आणि १९९३ मध्ये सोलोन्यच्या जंगलात दुसरा. तिथे गाडी सामान उतरवण्यापुरती आत नेता येते. मग ती फाटकाजवळच्या वाहनतळावर सोडून यायची आणि सायकलने फिरायचे. सायकलमागे बाळाला बसवायची झाकलेली गाडीही भाड्याने मिळते. एरवी रस्त्यावर मुलाचा हात घट्ट धरून चालणाऱ्या आईला इथे पहिल्यांदा तो हात सोडता येतो. पार्कच्या सगळ्या आकर्षणांत हे सर्वांत मोठे मानायला हवे. घसरगुंड्या नंतर.

पण फ्रान्सला सुट्टीची गोडी लागली ती त्याच्या बरीच आधी, आणि तीही कायद्याने. १९३६ च्या जूनमध्ये लेओं ब्लुम यांच्या सरकारने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. तोवर समुद्र ही श्रीमंतांनी बघायची गोष्ट होती. लेओ लाग्रांज हे तरुण उपमंत्री क्रीडा आणि फुरसतीचे खाते सांभाळत. त्यांनी कामगारांच्या कुटुंबांना रेल्वेच्या तिकिटात चाळीस टक्के सवलत मिळवून दिली. विरोधी वृत्तपत्रांनी त्यांना 'आळसमंत्री' म्हणून हिणवले. त्या उन्हाळ्यात लाखो माणसे त्या तिकिटावर निघाली. त्यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. लाग्रांज १९४० मध्ये युद्धात मारले गेले, पण रजा वाढत गेली. १९५६ मध्ये तिसरा आठवडा मिळाला, १९६९ मध्ये चौथा आणि १९८२ मध्ये पाचवा.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. भरपगारी रजा मिळाली ती पगार असणाऱ्याला. घरी राहणाऱ्या बाईला पगारच नव्हता, तर रजा कसली? फ्रान्समध्ये १९६५ पर्यंत लग्न झालेल्या स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरीही धरता येत नव्हती. कामगार कुटुंब तंबू घेऊन समुद्रावर जाई तेव्हा नवरा वाळूत पाय पसरी आणि बायको स्टोव्हला पंप मारी. ऑगस्टच्या उन्हात तंबूतला स्वयंपाक म्हणजे काय, हे ज्यांनी केला त्याच सांगू शकतील.

ही अडचण काही लोकांच्या ध्यानात आली होती. आंद्रे गिन्याँ यांनी १९५८ मध्ये एक संस्था काढली. 'कुटुंबांची सुट्टीतील खेडी' असे तिचे नाव. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडेल अशी जागा, तान्ह्या मुलांपासून सर्वांना सांभाळण्याची सोय आणि हवे असेल तर तयार जेवण. मुले दिवसाचे काही तास दुसऱ्या कुणाच्या हाती सुखरूप राहिली, तरच आईबापांची सुट्टी होते, हा साधा विचार त्यामागे होता. आज अनेक पार्कांत मुलांचा क्लब असतो, तो याच विचाराचा वारसा.

मात्र या क्लबविषयी आधी नीट चौकशी करणे शहाणपणाचे. जाहिरातीत हसरी मुले दिसतात, वयाची अट बारीक अक्षरांत असते. बहुतेक ठिकाणी चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलांनाच घेतात, आणि तेही सकाळी दोन-तीन तास. दीड वर्षाच्या मुलीला पाळणाघर हवे असेल तर ते मोजक्याच पार्कांत मिळते, बऱ्याचदा वेगळे पैसे भरून. ज्यांची मुले सर्वांत लहान, म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्यांच्यासाठी सोय सर्वांत कमी. पाच वर्षांचा मुलगा मात्र क्लबात दुसऱ्या दिवशीच रुळतो. त्याला फ्रेंच येत नाही, जर्मन मुलाला इंग्रजी येत नाही. वाळूची बादली दोघांनाही कळते.

आता तलावाकडे. इथे पहिला खोळंबा होतो तो वडिलांचा. फ्रान्समध्ये बहुतेक तलावांवर ढगळ, गुडघ्यापर्यंतची चड्डी चालत नाही. तीच चड्डी घालून माणूस वाळूत बसतो, बाजारात फिरतो आणि ती घाण पाण्यात येते, असे त्यामागचे कारण. अंगाला घट्ट बसणारी पोहण्याची चड्डीच हवी. काही ठिकाणी डोक्याला टोपीही लागते. पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ सक्तीची असते. घरून चड्डी न आणलेले बाबा दुकानात जाऊन मिळेल त्या रंगाची चड्डी विकत घेतात आणि पुढचे सहा दिवस ती घालून मुलांचे मनोरंजन करतात. रोजच्या कपड्यांत, सलवार-कमीजमध्ये पाण्यात उतरू देत नाहीत, हेही आपल्याकडच्या बायकांनी आधीच माहीत करून घेतलेले बरे.

हे सगळे हसण्यावारी नेता येते. पुढची गोष्ट नेता येत नाही. मोठ्या पार्कांतल्या छपराखालच्या तलावावर जीवरक्षक असतात. पण ज्या तलावावर फक्त त्या पार्कात किंवा तळावर उतरलेली माणसेच येतात, तिथे जीवरक्षक नेमण्याची सक्ती फ्रेंच कायदा करत नाही. वेगळे प्रवेशशुल्क घेणाऱ्या सार्वजनिक तलावांवर ती १९५१ पासून आहे. २००३ च्या एका कायद्याने जमिनीत बांधलेल्या खासगी उघड्या तलावांना कुंपण, झाकण, छप्पर किंवा धोक्याची घंटा, यांपैकी काहीतरी बसवणे बंधनकारक केले. तो कायदाच मुळी लहान मुलांचे बुडणे थांबवण्यासाठी झाला. पण कुंपणाचे दार उघडून कुटुंब आत शिरले की कुंपणाचे काम संपते.

लहान मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. वीतभर पाणीही पुरते, आणि दोन-तीन मिनिटांत सारे संपते. तलावाच्या काठी आई पुस्तक उघडते, कारण बाबांचे लक्ष आहे. बाबा वर्तमानपत्र उघडतात, कारण आई तिथेच आहे. शेजारच्या खुर्च्यांवर आणखी वीस मोठी माणसे असतात, त्यामुळे दोघेही निर्धास्त. दंडाला बांधलेले हवेचे पट्टे हा आणखी एक खोटा दिलासा. ते निसटतात, आणि ते बांधलेले असताना लक्ष उडण्याचा संभव अधिकच. यावर उपाय अगदी घरगुती आहे. अर्धा तास एकाचा, अर्धा तास दुसऱ्याचा. ज्याची पाळी त्याने मुलांपासून हाताच्या अंतरावर पाण्यातच उभे राहायचे, फोन नाही की गप्पा नाहीत. ज्याची पाळी नाही त्याने खुशाल डोळे मिटावेत. "मी बघतोय" असे तोंडाने म्हटल्याखेरीज पाळी बदलली असे समजायचे नाही.

गंमत अशी की ही पाळी एकदा तलावावर सुरू झाली की ती तिथेच थांबत नाही. ज्या आईला तीस मिनिटे खरोखर डोळे मिटायला मिळाले, ती संध्याकाळी भांड्यांचीही पाळी लावते.

स्वयंपाकाचा प्रश्न आपल्या माणसांना जरा निराळ्या बाजूने भेटतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे पार्क जवळचे. १९९४ मध्ये समुद्राखालचा बोगदा सुरू झाला, तेव्हापासून गाडीसकट पस्तीस मिनिटांत पलीकडे जाता येते. भारतीय पासपोर्ट असेल तर फ्रान्सचा व्हिसा मात्र वेगळा काढावा लागतो, आणि शाळांच्या सुट्टीत त्यासाठी बरेच आधी हालचाल करावी लागते. फ्रान्समधल्या खेड्यापाड्यांतल्या खानावळीत शाकाहारी माणसाचे हाल होतात. चीज आणि अंडे सोडले तर फारसे काही पुढ्यात येत नाही. तेव्हा घरात स्वयंपाकघर असणे म्हणजे मोठाच आधार. मग डिकीत कुकर चढतो, तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि मसाल्याचा डबा चढतो. विजेच्या चुलीवर शिट्टी होते आणि शेजारच्या घरातले फ्रेंच कुटुंब दचकून बाहेर येते. मुलगी सहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवते, तेही वरणभातच. सुट्टी ज्या स्वयंपाकघरामुळे जमली, त्याच्यातच ती आईच्या हातून निसटते. सकाळची न्याहारी दुकानातल्या पावावर, दुपारी बाबांनी केलेली पोह्यांची परात आणि फक्त रात्री कुकर, असे आधीच ठरवले तर थोडे निभावते. बाबांना पोहे येत नसतील तर सुट्टीत शिकायला सहा दिवस असतात.

प्रवासाचा दिवस मात्र जपून निवडावा. फ्रान्समध्ये घरे बहुधा शनिवारी बदलतात, त्यामुळे जुलै संपून ऑगस्ट लागताना जाणारे आणि परतणारे एकाच दिवशी रस्त्यावर येतात. १९७५ च्या २ ऑगस्टला देशभर मिळून सुमारे सहाशे किलोमीटरची कोंडी झाली होती. तेव्हापासून सरकारने धडा घेतला आणि १९७६ पासून 'बिझाँ फ्युते', म्हणजे 'हुशार गवा', या नावाने वाहतुकीचा अंदाज द्यायला सुरुवात केली. हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा असे दिवसांचे रंग. लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी काळ्या दिवशी घराबाहेर पडू नये. शाळेत न जाणारी मुले असतील तर जून किंवा सप्टेंबरच बरा. भाडे उतरलेले असते आणि तलावात पाण्याच्या मानाने माणसे कमी असतात.

शेवटची सकाळ पुन्हा शनिवारची. दहाच्या आत घर रिकामे करायचे, तेही झाडून-पुसून. साफसफाईचे पैसे वेगळे भरले तर हे टळते. चादरी-टॉवेलांचे भाडेही बहुधा वेगळेच असते. ही रक्कम वाचवावी असा मोह होतो, आणि वाचवणाऱ्याच्या हाती पोछा नसतो. पैसे साठवायचेच असतील तर ते घसरगुंडीच्या पोरखेळात नव्हे, याच खात्यात घालण्यासाठी साठवावेत.

पुन्हा तो कागद बाहेर येतो. या वेळी मोजायला बाबा बसतात. काटे सहा, सुऱ्या सहा, चमचे पाच. ओट्याखाली, पलंगाखाली, गादीच्या फटीत, सगळीकडे शोध होतो. रांगेतल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येऊ लागतात. आई गाडीत बसलेली असते, पाय पुढे पसरून. मुलगी वाळूची बादली उपडी करते आणि सहावा चमचा निघतो.