मापाचं चिलखत

'खोगीरभरती' हा शब्द आपण किती सहज वापरतो! सभेला नुसतीच माणसं आणून बसवली की खोगीरभरती, संघात दोन बिनकामाचे घेतले की खोगीरभरती. मूळ अर्थ मात्र साधा आहे. खोगिरात चिंध्या, लोकर, हाताला लागेल ते भरायचं, म्हणजे घोड्याच्या पाठीला बोचत नाही. घोड्याच्या पाठीची एवढी काळजी आपल्या भाषेत मुरलेली आहे. वरचा माणूस खाली आपटला तर त्याच्या बरगड्यांचं काय, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.

आणि घोडा आम्हा नांदेड-लातूरकरांना काही नवीन नाही हो. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथला घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. घेणारा घोडा पळवून बघतो, आणि पळवणाऱ्या पोराच्या अंगात असतो फक्त शर्ट. नांदेडला होला महल्ल्याच्या मिरवणुकीत हजूर साहिबचे घोडे बघायला सगळं गाव लोटतं (ती श्रद्धेची गोष्ट, तिच्याबद्दल मला काही सुचवायचं नाही). लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला १७६० साली मराठ्यांनी निजामाला हरवलं, त्यात घोडदळही होतं. अंगावर काहीतरी घालून घोड्यावर बसायचं हेही आपल्याला नवीन नाही. प्रतापगडाच्या भेटीत, १६५९ साली, शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, हे आपण चौथीतच शिकलो. त्यातला 'अंगरख्याखाली' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. अंगरख्याखाली जायचं तर चिलखत अंगाला बसणारंच हवं, ढगळ चालणार नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण माझी भाची. ती लातूरला असते, वय तेरा. २०२३ च्या हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघानं सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी मिळालेलं सुवर्ण! चौघांच्या त्या संघात दोन मुली होत्या. बाईसाहेबांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि घोड्याचं वेड घेतलं. आता ती गावाबाहेरच्या एका क्लासला जाते. तिथे बॉडी प्रोटेक्टर आहेत. सगळे त्याला नुसतं 'जॅकेट' म्हणतात. आहेत तीन, आणि तिन्ही मोठ्या माणसाच्या मापाची.

मी एकदा बघायला गेलो होतो. घोडा दुडक्या चालीला लागला की जॅकेट वर सरकायचं आणि तिच्या हनुवटीला लागायचं. मग ती एका हातानं ते खाली ओढायची. म्हणजे लगाम एकाच हातात! शिकवणारे म्हणाले, "सवय होईल." कशाची सवय होईल? न बसणाऱ्या वस्तूची? त्याच क्लासमधला एक मुलगा लाकडी कठड्यावर पडला होता. बाजूचे पट्टे उकडतं म्हणून सोडलेले, जॅकेट फिरून एका कुशीला गेलं आणि दुसऱ्या कुशीची बरगडी मोडली. त्यावर सगळ्या पालकांनी एकमुखानं काय निष्कर्ष काढावा? 'त्या जॅकेटचा काही उपयोग नाही!'

माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. जॅकेट निकामी नव्हतं, ते त्याचं नव्हतं. न बसणारं जॅकेट पैसे वाया घालवतं, आणि वर चांगल्या वस्तूवरचा विश्वासही घालवतं.

ताईला म्हटलं, हिला स्वतःचं घेऊ. ताईचं पहिलं वाक्य, "वाढतं अंग आहे, एक माप मोठंच घे." आपण सगळे असेच वाढलो, नाही का? जूनमध्ये शाळेचा गणवेश घ्यायचा तो दोन वर्षं पुरेल असा. बाह्या दुमडायच्या, कमरेला टीप मारायची. यात चूक काहीच नाही, काटकसर आहे ती. पण गणवेश ढगळ असला तर फार तर पोरं हसतात. जॅकेट ढगळ असलं तर पडताना ते एकीकडे आणि बरगड्या दुसरीकडे.

तर माप. कंपन्या छाती, कंबर आणि पुढच्या कंबरेपासून खांद्यावरून मागच्या कंबरेपर्यंतची लांबी मागतात. आम्ही सरळ ताईच्या ओळखीच्या लेडीज टेलरकडे गेलो. त्या बाईंनी दोन मिनिटांत मापं लिहून दिली, वर विचारलं, "फिटिंग अंगाबरोबर ना?" म्हटलं, बरोब्बर, हेच पाहिजे!

पुढच्या गोष्टी अंगात घातल्यावरच कळतात. समोरून जॅकेट शेवटच्या बरगडीच्या खाली इंचभर तरी यायला हवं. मागून वर, मानेच्या बुडाशी जे हाड हाताला लागतं, तिथपर्यंत. मागून खाली मात्र, खोगिरावर बसल्यावर, जॅकेट आणि खोगीर यांच्यात दोन बोटं जागा हवी. नाहीतर खोगीरच ते वर ढकलतं. माझ्या भाचीच्या हनुवटीला लागत होतं ते याचमुळे. म्हणून दुकानात उभं राहून जॅकेट पसंत करू नका. खोगीर नसेल तर खुर्चीवर उलटं, दोन्हीकडे पाय टाकून बसा. खाली वाका, हात लगाम धरल्यासारखे पुढे घ्या. आतला फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो, तेव्हा पाच-दहा मिनिटं अंगात ठेवा आणि मग पट्टे पुन्हा आवळा. आधी खांद्यांचे, मग बाजूचे. श्वास मोकळा घेता आला पाहिजे, आणि कुणी खांद्याला धरून वर ओढलं तरी जॅकेट जागचं हलता कामा नये.

आतलं लेबलही वाचा. युरोपात यासाठी ईएन १३१५८ नावाचं मानक आहे, २०१८ साली सुधारलेलं. त्यात तीन पातळ्या आहेत. शिकणाऱ्यासाठी आणि उड्या मारणाऱ्यासाठी तिसरी. पहिली पातळी सगळ्यात हलकी, ती शर्यतीच्या जॉकींसाठी. हलकं आहे म्हणून तेच उचलाल तर फसाल.

आता आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि अंगात फोम! आराम म्हणजे नखरे, असं समजणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. जे उकडतं, टोचतं, काचतं, ते खुंटीला राहतं, आणि खुंटीवरच्या जॅकेटनं आजवर कुणाची बरगडी वाचवलेली नाही. म्हणून अखंड फोमच्या पत्र्यापेक्षा लहान लहान तुकडे जोडलेलं, अंगाबरोबर वाकणारं जॅकेट बघा. आत जाळीचं अस्तर असेल तर उत्तम. खाली एक पातळ सुती बनियन, आणि क्लास उजाडतानाच. क्लास झाला की उन्हात तापलेल्या गाडीत ते टाकून ठेवू नका.

भाचीनं मध्येच वकिली मुद्दा काढला. "मामा, हांगझोच्या त्या दोघींनी कुठं घातलं होतं जॅकेट?" खरंय. पण ड्रेसाज सपाट, आखलेल्या मैदानात, मुरलेल्या घोड्यावर होतं. तेच टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ साली झालं ते) आपला फवाद मिर्झा क्रॉस कंट्रीला उतरला. तिथे न पडणाऱ्या भक्कम अडथळ्यांवरून उड्या असतात, आणि जॅकेट सक्तीचं असतं. शिकणारं पोर या दोघांतलं कोणाच्या जवळ, हे तुम्हीच ठरवा.

या जॅकेटला मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. बरगड्या आणि आतले अवयव यांना बसणारा मार ते कमी करतं. मान वाचवत नाही. 'सुपरमॅन' झालेला ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडला तेव्हा त्याच्या अंगात जॅकेट होतं आणि डोक्यावर हेल्मेटही, तरी मानेला इजा होऊन तो कायमचा पांगळा झाला. म्हणून काहीच घालू नये? सीटबेल्ट लावूनही माणसं जातात, म्हणून आपण तो कापून टाकत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. चांगलं जॅकेट काही हजारांत जातं, आणि मूल वाढलं की पुन्हा खर्च. प्रत्येक घराला हे झेपणार नाही, मान्य. म्हणूनच माझं मत आहे की ही जबाबदारी आधी क्लासची. तीन मोठी जॅकेटं ठेवण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या मापांची ठेवा, खर्च तेवढाच येतो. वाढलेल्या मुलाचं जॅकेट लहान्याला द्यायलाही हरकत नाही, पण ते किती वर्षांचं आणि ते घालून कोण पडलं होतं, हे विचारून घ्या. फोम दाबल्यावर पडलेला खळगा अर्ध्या तासानंही भरून येत नसेल तर ते जॅकेट संपलं. तसंही तीन ते पाच वर्षांत बदलावंच.

भाचीचं जॅकेट आलं, तिच्या मापाचं. दीड-दोन वर्षांत ते लहान होणार आहे, हे ताईला ठाऊक आहे आणि तिला ते अजून थोडं खटकतंही. असो. पण आता पोरगी दोन्ही हातांनी लगाम धरते.

मंडळी, तुमचं पोर घोड्यावर बसत असेल तर फी भरण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारा. हेल्मेट आणि जॅकेट आहे का? आणि त्यातलं माझ्या पोराच्या मापाचं कोणतं? पहिल्याला सगळेच 'हो' म्हणतात. दुसऱ्याचं उत्तर ऐकून मग काय ते ठरवा.