मोठ्यांना आधार, बीडच्या ठेवीदारांना बाजाराचा नियम

अमेरिकेने 2008 मध्ये गडगडत्या वित्तसंस्थांसाठी 700 अब्ज डॉलरची योजना मंजूर केली, तेव्हा नफा खासगी आणि तोटा मात्र करदात्यांचा, हा कुठला मुक्त बाजार, असा सवाल जगभर उठला. बीड जिल्ह्यात तो वेगळ्या रूपात उभा आहे.

मार्च 2020 मध्ये अडचणीतील येस बँकेत सरकारी मालकीच्या स्टेट बँकेने भांडवल ओतले. ठेवीदार बचावले. 8,415 कोटींचे रोखे शून्यावर आणून गुंतवणूकदारांनाही झळ बसवण्यात आली आणि तो वाद न्यायालयात गेला. याउलट बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत 2023 मध्ये ठेवी अडकल्या. पाठोपाठ गुन्हे दाखल झाले, ईडीचा तपास सुरू झाला. बँकेतील ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचे कवच असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही.

मोठी बँक बुडाल्यास सारी व्यवस्था हादरते, हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्यामुळे वाचण्याची पात्रता सचोटीवर नव्हे, आकारावर ठरते. शिवाय मल्टिस्टेट संस्थांची नोंदणी केंद्रीय निबंधकच करतात. तेव्हा सरकारला हात झटकता येणार नाहीत.

यावर उपाय सरसकट खैरातीचा नाही. ठेव विम्याचा हप्ता बँका भरतात, करदाते नव्हे. कडक तपासणीसह तीच पद्धत पतसंस्थांना लागू करावी. सार्वजनिक पैसा घालावाच लागला, तर आधी मालकांचे भांडवल बुडावे. हा क्रम पाळला नाही, तर करदाता आणि मुक्त बाजार या दोघांचाही विश्वासघात होतो.