नोकरी, काम आणि कायद्याला हवा असलेला पुरावा

भिलाईत ‘नोकरी’ आणि ‘काम’ हे समानार्थी शब्द नाहीत. पोलाद कारखान्याच्या पटावर ज्याचे नाव आहे, त्याची ती नोकरी. त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्याचे ते काम. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून या शहरात केलेल्या प्रदीर्घ अभ्यासाचा गाभा या दोन शब्दांतील अंतर हाच आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्लासेस ऑफ लेबर’ या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष कामगार चळवळीला रुचणारा नाही. कायम आणि कंत्राटी कामगार हे एकाच वर्गाचे दोन थर राहिलेले नाहीत. राहणीमान, मुलांचे शिक्षण, भविष्याविषयीच्या अपेक्षा या सर्वच बाबतींत ते दोन वेगळे वर्ग झाले आहेत.

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिलेला हा कारखाना नव्या भारताचा नमुना मानला जाई. पुढे कायम कामगारांची संख्या घटत गेली आणि कंत्राटी मजुरांवरील भिस्त वाढली. त्यांच्यासाठी लढण्याची किंमत मोठी होती. दल्ली-राजहराच्या लोहखनिज खाणींतील कंत्राटी मजुरांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी यांची भिलाईच्या खासगी उद्योगांतील आंदोलनादरम्यान, २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी त्यांच्या अनुयायांवर पोलिसांनी गोळीबार केला.

अशा संशोधनाचा मजुराला उपयोग काय, हा प्रश्न रास्तच आहे. माझ्या मते उत्तर न्यायालयाच्या एका निकालात दडलेले आहे. भिलाईचा कारखाना ज्या स्टील अथॉरिटीचा आहे, तिच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले की, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी मजूर आपोआप कायम होत नाही. मात्र ठेका केवळ दिखाऊ असल्याचे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाल्यास तो मूळ मालकाचाच कामगार ठरतो. सिद्ध करायचे कशाच्या आधारे? मस्टर आणि वेतनपत्रक ठेकेदाराच्या ताब्यात. प्रत्यक्षात हुकूम कोण देतो, रजा कोण मंजूर करतो, ठेकेदार बदलला तरी माणसे तीच राहतात काय, याची नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात नसते. प्रशासनात वर्षे काढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको: तपासणी अधिकारी कागद पाहतो, आणि कागद बहुधा निर्दोष असतो. वर्षानुवर्षे वस्तीत राहणारा अभ्यासक नेमके हेच पाहत असतो.

अर्थात, त्याची वही जशीच्या तशी पुरावा होऊ शकत नाही. माहिती देणाऱ्यांची नावे गुप्त ठेवणे हे त्याचे पहिले कर्तव्य. शिवाय परदेशी प्राध्यापक परत जातो, स्थानिक सहकारी तिथेच राहतो. पॅरी यांच्या ग्रंथावर सहकार्याचे श्रेय असलेले भिलाईचे चित्रपटकार अजय टी. जी. यांना मे २००८ मध्ये छत्तीसगड विशेष जनसुरक्षा कायद्याखाली अटक झाली आणि काही महिन्यांनी जामीन मिळाला. ही अटक मानवी हक्कांच्या कार्याच्या संदर्भात झाली होती. पण स्थानिक माणसाची जोखीम किती वेगळी असते, हे तिने दाखवून दिले.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने मुख्य उत्पादन-प्रक्रियेत कंत्राटी मजूर लावण्यास मनाई केली, पण ते काम सामान्यतः ठेकेदाराकडूनच होत असल्यास मुभाही ठेवली. ‘सामान्यतः’ म्हणजे काय, हे ठरवताना पुन्हा कागदच बोलणार असतील, तर मनाई नावापुरती राहील. छत्तीसगडच्या कामगार खात्याने एखाद्या विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागाकडून निदान एका कारखान्यातील ठेक्यांचा वर्षभर अभ्यास करवून घ्यावा, मजुरांची नावे झाकून तो हिंदी आणि छत्तीसगढीत वस्त्यांमध्ये वाचून दाखवावा, त्यांच्या दुरुस्त्या नोंदवाव्यात आणि मगच न्यायाधिकरणापुढे ठेवावा. खर्च एखाद्या सल्लागार कंपनीच्या अहवालाहून अधिक येणार नाही.